गव्याचा काळा रंग आणि चन्नम्मांचा चेहरा

बेळगावच्या चित्रप्रदर्शनावरच्या लेखात तिथल्या ऐतिहासिक व्यक्तिचित्रांचं आणि भीमगड अभयारण्यातल्या प्राण्यांच्या चित्रांचं कौतुक आहे, ते रास्तच. पण छापलेल्या फोटोतला गवा सपाट दिसतो, कारण ट्यूबमधला काळा थेट लावलाय. त्याऐवजी दोन भाग अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि एक भाग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा. जिवंत काळा मिळतो. सावलीत निळा थोडा वाढवायचा, उन्हाच्या बाजूला अंबर. पाठीचा उंचवटा खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंतच असतो, तिथे एकदम उतरतो. तो शेपटीपर्यंत ओढला की गव्याची म्हैस होते! गुडघ्याखालचे पांढरे मोजेही शुद्ध पांढरे नकोत, किंचित पिवळट हवेत.

कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं निधन 1829 चं, आणि फोटोग्राफी जगापुढे आली 1839 मध्ये. म्हणजे चेहरा चित्रकाराच्या कल्पनेतलाच. म्हणून वेश, दागिने, तलवारीची मूठ यांचा अभ्यास जास्त महत्त्वाचा. कॅलेंडरवरून नक्कल करू नका, एकाची चूक पुढच्या दहाजणांकडे जाते.

आणखी एक, खानापूरकडच्या पावसाळ्यात जलरंगाचा कागद दमट होतो, त्याचं साइझिंग, म्हणजे पाणी पटकन शोषू न देणारा लेप, बिघडतं, मग रंग टिपकागदासारखा आत शोषला जातो. 300 जीएसएमचा जाड कागदसुद्धा यातून सुटत नाही. कागद प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच. नाहीतर बुरशी तिथूनच सुरू होते.