खुब्याच्या ऑपरेशननंतर ‘तीन महिने उठू नका’ सांगणारा तो मेसेज

परवा मावशीने फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. सत्तरीनंतर खुब्याचं ऑपरेशन झालं की तीन महिने पलंगावरून उठायचं नाही, चाललं की खुब्याच्या सांध्यातला बॉल निखळतो, वॉकर धरला की जन्मभर सुटत नाही, रोज पाय दाबून मालीश करा, डिंकाचे लाडू खा. आईने तो वाचला आणि फिजिओ आल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, मी नाही उठणार. जिला डॉक्टरांनी ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी उभं केलं होतं ती! दोन दिवस गेले तिला परत तयार करण्यात.

ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत ते ठरवून देणाऱ्या नाईस (NICE) संस्थेची खुब्याच्या फ्रॅक्चरची गाइडलाइन २०११ सालची आहे, त्यात सरळ लिहिलंय की दुसरी काही मेडिकल अडचण नसेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला उठवा आणि मग रोज निदान एकदा तरी. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या, छातीत कफ साठून न्यूमोनिया, माकडहाडाशी बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम. आणि ताकद? २००७ साली अमेरिकेत धडधाकट म्हाताऱ्या माणसांना फक्त १० दिवस झोपवून ठेवून पाहिलं, तर पायांतलं जवळजवळ १ किलो मांस झडलं होतं. काही मोडलेलं नसताना. मग तीन महिन्यांत काय उरणार?

मालीश तर सगळ्यात घातक. आत गुठळी असेल आणि तुम्ही पोटरी रगडलीत तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, माणूस जातो त्यात. पोटरी सुजली, गरम लागली, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि डॉक्टरला फोन करा.

बॉल निखळतो हे अगदीच खोटं नाही, मान्य. पण तो डॉक्टरांनी सांगितलं तसं चालल्याने नाही, खूप खाली बसल्याने, वाकल्याने, पायावर पाय टाकल्याने. म्हणून आमच्याकडे पाट बंद, मांडी बंद, कमोडची उंच खुर्ची आणली. आणि वजन किती टाकायचं ते ज्याच्या त्याच्या सर्जनने सांगायचं, मेसेजने नाही.

वॉकर सुटतो, हळूहळू काठीवर येतात लोक. लाडू खा की, पण लाडू खाऊन पाय चालत नाही.

आज आई लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत निघाली. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. लादी ओली होती म्हणून मी आधी कोरडी पुसून घेतली. शेजारच्या काकूंनी मध्येच उंच खुर्ची टाकून ठेवली होती, तिथे टेकली, घाम पुसला, जिन्यापर्यंत जाऊन परत आली. मावशी, तो मेसेज आजच डिलीट कर, आणि जिथे जिथे पाठवलायस तिथे पण सांग.