मालवणात जाऊन पनीर बटर मसाला कसा खावा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, आपण फिरायला चाललोय, पोटावर प्रयोग करायला नाही. त्यामुळे गाडीत पहिली बॅग चढली पाहिजे ती खाण्याची. चिवडा, चकल्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि लोणच्याची बरणी (झाकण नीट बघा हो, आमच्या गाडीच्या मागच्या सीटला तीन वर्षं झाली तरी अजून कैरीचा वास येतोय). पुण्याहून मालवण म्हणजे आठ-नऊ तासांचा रस्ता, वाटेत कोल्हापूर नावाचं गाव लागतं पण तिथे काही खायला मिळत असेल असं धरून चालू नका. आणि एवढं करूनही घाटात पोराला उलटी झालीच तर दोष चिवड्याला द्यायचा नाही, हवेला द्यायचा.

पोचलात? छान. आता हॉटेल निवडायचं. पत्र्याची शेड, बाहेर दोन बाकडी, आत एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि बंदरावरची माणसं मान खाली घालून जेवतायत, अशी जागा दिसली की गाडी अजिबात हळू करू नका. लोकल लोक जेवतात तिथे आपल्याला काय मिळणार! आपण बोर्ड वाचायचा. 'प्युअर व्हेज, मालवणी फिश थाळी, पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन, पावभाजी, एसी रूम' असं सगळं एकाच बोर्डावर असेल आणि एकाच घरात प्युअर व्हेज आणि फिश थाळी कशी नांदते हा प्रश्न तुम्हाला पडला नाही तर समजायचं, जागा आपलीच आहे.

मेनूकार्ड चौदा पानी असतं, मालवणी पदार्थ शेवटच्या पानावर. तिथपर्यंत जायची गरजच पडत नाही. पनीर बटर मसाला, बटर नान, जीरा राईस, दाल तडका, झालं. आता बघा, ज्या गावात प्रत्येकाच्या परसात माड आहे, घराघरात नारळाचं वाटण रोज होतं, तिथे फ्रीजमधलं पनीर टोमॅटोच्या लाल ग्रेव्हीत पोहताना बघायला जी मजा येते ना ती पुण्यात नाही येत. ग्रेव्हीत काजू पेस्ट असते, ती कदाचित वेंगुर्ल्याच्या जीआय मानांकनवाल्या काजूचीही असेल, म्हणजे लोकल फूड खाल्लं हे समाधान त्यातच मिळतं. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ करतात म्हणे, पण तुम्ही विचारू नका, उगाच हो म्हणाले तर खावी लागेल.

शाकाहारी मंडळींनी तर आल्याआल्या जाहीरच करून टाकायचं, 'इथे व्हेजवाल्यांना काहीच नाही.' घावणे, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, फणसाची भाजी, शिरवळे आणि गूळ घातलेला नारळाचा रस, कुळथाची पिठी, हे सगळं असतं पण मेनूकार्डात नसतं, आणि जे कार्डात नाही ते विचारणं म्हणजे हावरटपणा.

मासे खाणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना. जगात मासे दोनच, सुरमई आणि पापलेट. पापलेट तर २०२३ पासून राज्यमासा आहे, म्हणजे सरकारने पण आपलीच ऑर्डर कन्फर्म केलीय. बाकी बांगडा, पेडवे, तारली, मुडदुशी, मांदेली ही नावं वेटरने घेतली की 'काटे असतात का?' एवढंच विचारायचं आणि उत्तर यायच्या आत 'राहूदे' म्हणायचं. त्यातूनही कोणी भिडेखातर बांगड्याचं तिखलं पुढ्यात ठेवलंच तर त्यातलं तिरफळ बाजूला न काढता कचकन चावायचं. जीभ बधिर झाली की मॅनेजरला बोलवा, फूड पॉयझनिंग शब्द मोठ्याने वापरा, आजूबाजूच्या टेबलांनाही कळूदे. तिरफळ फक्त वासासाठी असतं, खायचं नसतं हे तो बिचारा समजावून सांगेल, पण तोवर तुमचं रेकॉर्डिंग चालू झालेलं असलं पाहिजे.

आणि जायचं कधी, तर जूनमध्ये. पावसाळी ऑफर असतात, रूम अर्ध्या किमतीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, माशांची अंडी घालायची वेळ, त्यात दर्या खवळलेला, पण हे सगळं माशांचं खासगी आयुष्य झालं, आपण दोन रात्री तीन दिवसांचं पॅकेज घेतलंय. टेबलावर बसून समोर बोट दाखवायचं, 'एवढा समुद्र आहे समोर आणि ताजी सुरमई नाही म्हणजे काय?' मालक दोन वेळा बंदीचं सांगेल, खाडीतल्या तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या हो) मिळतील म्हणेल, सुकटीची किसमूर करून देतो म्हणेल, तुम्ही ताजी सुरमईच धरून बसा. तिसऱ्या वेळी तो आत जाऊन बर्फातली सुरमई तळून आणेल. मग पहिला घास घेऊन डोळे मिटायचे आणि बायकोला म्हणायचं, बघ, याला म्हणतात समुद्रावरून थेट ताटात. (हे मी स्वतः म्हटलेलं आहे, १५ जूनला, तारकर्लीत. मालक शेजारीच उभा होता. काही बोलला नाही, भला माणूस.)

सोलकढी सगळ्यात आधी प्यायची, वेलकम ड्रिंक म्हणून, आणि 'गुलाबी ताक छान आहे, थोडी साखर टाकून मिळेल का' असं विचारायचं. कोकमाचं आगळ आणि नारळाचा रस हे जेवणाच्या शेवटी भातावर घ्यायचं असतं वगैरे सांगणाऱ्यांना सांगूदे. ग्लास आधी खिडकीच्या उजेडात नेऊन फोनला पाजायचा, नंतर आपण. कोंबडी-वडे आले तर वडे मोजायचे, पुरी म्हणायचं आणि 'पुरी एवढी जाड का' हा मुद्दा काढायचा. तांदूळ, उडीद, धणे, मेथी असलं काय काय दळून ते पीठ केलेलं असतं पण आपल्याला फुगलेली पातळ पुरी माहिती आहे ना, मग चूक त्यांचीच.

हीच पद्धत बाहेरही चालते. केरळात केळीच्या पानावर जाड तांबूस भात वाढला की तो कच्चा राहिलाय असं समजून परत पाठवा आणि पोळी मागा. कोलकात्यात मोहरीतल्या इलिशला हात लावू नका, काटे मोजता मोजता ट्रेन चुकेल. परदेशात जाणार असाल तर बुकिंगच्या वेळी एकच प्रश्न विचारा, नाश्त्याला पोहे आहेत का. आल्प्सचा बर्फ बघताना हातात पोह्यांची डिश नसेल तर तो बर्फ काय कामाचा, तसा तर आपल्या फ्रीजरमध्ये पण जमतो.

रिव्ह्यू विसरू नका! रूमवर आल्यावर एक स्टार द्या आणि लिहा, 'पनीर पुण्यासारखं सॉफ्ट नव्हतं.' आणि ग्रुपवर वेगळा मेसेज टाका, की कोकणात आता पूर्वीसारखं ऑथेंटिक काही राहिलं नाही, सगळं कमर्शियल झालंय, जिकडे बघाल तिकडे पंजाबी नि चायनीज. खाली चाळीस अंगठे येतील. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून ही माणसं एवढी वर्षं आपली ऑर्डर लिहून घेतायत आणि आपण मागितलं तेच शिकलीयत, हे मात्र त्या मेसेजमध्ये घालू नका, लांबतो.

एक धोका फक्त आधीच सांगून ठेवतो. निघायच्या दिवशी दुपारी बिल द्यायला काउंटरवर कोणी नसतं. हाक मारत मारत तुम्ही मागच्या पडवीत पोचता. तिथे मालक, त्याची आई, दोन पोरं आणि तुमचा वेटर खाली बसून जेवत असतात. उकड्या तांदळाचा भात, त्यावर कुळथाची पिठी, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, फोडलेला कांदा. आणि वास असा येतो की तुम्ही पाकीट हातात धरून तसेच उभे राहता. धीर करून विचारता, आजी, हे काय आहे, मेनूत नव्हतं ते.

आजी ताटावर हात धरून बघते तुमच्याकडे. 'तां आमचां घरचां जेवाण. तुमका नाय आवडाचां, काटे आसत.' मग पोराला म्हणते, 'रे, सायबांक भूक लागली दिसता. सकाळचां पनीर आसा, गरम करून हाड.'