डिकी, चावी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं वकीलपत्र

‘पोलिसांनी गाडी अडवली? घाबरू नका, हे 5 अधिकार लक्षात ठेवा.’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असणार. माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला आणि चारही वेळा मी तो न वाचता सोडून दिला. गेल्या आठवड्यात मात्र ताईचा फोन आला. भाच्याने रात्री नाकाबंदीत हवालदाराला तो मेसेज मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवला होता. हवालदाराने शेवटपर्यंत ऐकलं म्हणे, आणि विचारलं, ‘झालं? आता लायसन काढ.’ लायसन होतं स्कूटरच्या डिकीत. आणि वॉरंटशिवाय डिकी उघडायची नाही, असं मेसेज सांगत होता! दीड तास पोरगं फुटपाथवर बसून होतं. मग मीही तो मेसेज अथपासून इतिपर्यंत वाचला.

पहिला मुद्दा: फौजदाराच्या खालच्या पोलिसाला गाडी थांबवून लायसन मागता येत नाही. साफ चूक. मोटार वाहन कायदा 1988, कलम 130: गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागितलं की चालकाने लायसन दाखवायचं. फौजदाराचा दर्जा येतो तो कलम 132 मध्ये, अपघातानंतर गाडी जागेवर थांबवून ठेवण्याबाबत. कुणीतरी दोन कलमांची खिचडी केली आहे. दंड घेऊन गुन्हा जागेवरच मिटवायचा (तडजोड) अधिकार कुणाला, हा प्रश्न वेगळा. कलम 200 ते राज्य सरकारच्या अधिसूचनेवर सोडतं.

कागदपत्रं 15 दिवसांत दाखवली तरी चालतात, हा मुद्दा केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 139 मधून उचललाय, त्यामुळे अगदी हवेतला नाही. पण तो वापरायची वेळच का यावी? 2018 पासून याच नियमात इलेक्ट्रॉनिक कागदपत्रंही चालतात. डिजिलॉकरमध्ये लायसन असतं तर भाचा पाच मिनिटांत सुटला असता.

आता चावी. ‘पोलिसाने चावी काढली तर हात झटकून परत घ्या, ते तुमचं स्वसंरक्षण आहे.’ हे ज्याने लिहिलं त्याला एक रात्र कोठडीत बसवून हाच मेसेज वाचायला द्यायला हवा. चावी काढण्याचा अधिकार कायद्यात कुठे शब्दात लिहिलेला नाही, एवढं नाइलाजाने मान्य. चालत्या दुचाकीच्या हँडलला हात घालणारा पोलीस तर स्वतःच्याही जिवाशी खेळतो. पण कलम 207 आहे ना! लायसनशिवाय किंवा नोंदणीशिवाय गाडी चालवली जातेय असं मानायला कारण असेल, तर पोलीस अख्खी गाडी ताब्यात घेऊ शकतात. तिथे चावीवरून काय भांडणार?

खरा घात ‘हात झटका’मध्ये आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 37 (जुन्या दंडसंहितेतलं 99) काढून बघा. लोकसेवक पदाच्या नात्याने, सद्भावनेने काही करत असेल, तर ते काटेकोरपणे कायद्यात बसत नसलं तरी त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. अपवाद एकच, मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती. चावी गेल्याने कुणी मरत नाही. उलट तुम्ही हात उचललात की याच संहितेचं कलम 132: कर्तव्यावरच्या लोकसेवकावर बळाचा वापर, अजामीनपात्र. म्हणजे आगाऊपणा त्याचा आणि गुन्हा तुमच्या नावावर. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या काकांपैकी एक जण तरी जामिनाला येईल का?

डिकीचा मुद्दा सगळ्यात मजेशीर. ‘वॉरंटशिवाय गाडी तपासता येत नाही आणि तशी सापडलेली वस्तू कोर्टात पुरावा ठरत नाही.’ हा कायदा इथला नाही, अमेरिकन मालिकांमधून आलेला आहे. तोही धड आलेला नाही, कारण सबळ कारण असेल तर वॉरंटशिवाय मोटार तपासता येते, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1925 मध्येच सांगितलंय.

आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येतच घर, इमारत, तंबू यांच्या जोडीला वाहन आहे. कलम 185 प्रमाणे तपास करणारा अधिकारी कारणं लेखी नोंदवून वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. दारूबंदी कायदा, अमली पदार्थ कायदा यांचे अधिकार वेगळेच.

आणि पुरावा? पूरनमल विरुद्ध आयकर संचालक, 1973, सर्वोच्च न्यायालयाचं पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. झडती बेकायदा ठरली तरी तेवढ्यावरून तिच्यात सापडलेला पुरावा बाद होत नाही. पन्नास वर्षं होऊन गेली या निकालाला. मेसेजच्या तळाशी ‘एक वकील, सर्वोच्च न्यायालय’ अशी सही आहे, नाव अर्थातच नाही.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगतो, नाहीतर मी पोलिसांचा वकील ठरेन. विशेष कायद्यात पद्धत सक्तीची असेल आणि ती पाळली नाही, तर खटला कोसळतो. हरियाणातल्या एका खाजगी जीपच्या प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. जीप रस्त्यावर असली तरी खाजगी वाहन म्हणजे सार्वजनिक ठिकाण नव्हे, त्यामुळे अमली पदार्थ कायद्याचं कलम 42 पाळायला हवं होतं. म्हणजे खबर लिहून घेऊन वरिष्ठांना कळवायला हवं होतं. ते अजिबात पाळलेलं नव्हतं. पण ही सुटका कोर्टात झाली, तीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. नाक्यावर नाही.

आणि हो, नुसतं हेल्मेट नाही म्हणून डिकी उपसायचा अधिकार मोटार वाहन कायदा देत नाही. नाकाबंदीत सरसकट ‘डिकी उघड’ म्हणतात, त्यातल्या किती वेळा कुणी कारण नोंदवत असेल, देव जाणे. तिथे वॉरंट मागू नका, शांतपणे कारण विचारा आणि चित्रीकरण मागा. नव्या संहितेच्या कलम 105 ने झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केलंय. मोबाइलवर केलं तरी चालतं, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. जप्ती झाली तर पंच आणि यादीची प्रत मागा. हे सगळं मेसेजमध्ये कुठेही नाही.

पाचवा मुद्दा, दंड जागेवर भरायची सक्ती नाही, कोर्टात जाता येतं. हा बरोबर आहे. भाच्याने मात्र तो जागेवरच भरला, कारण तोवर पावणेएक वाजला होता आणि ताईचे अकरा मिस्ड कॉल होते.