उभ्या गाडीचं भाडं

काल संध्याकाळी ट्रॅव्हल्सवाल्यानं बिलाचा पीडीएफ पाठवला आणि तेव्हापासनं माझं डोकं नुसतं तापलंय. आम्ही सांगलीहून लेहला नेलेली याची गाडी तिथं तीन दिवस हॉटेलच्या दारात उभी होती, जागची हलली नाही, आणि या माणसानं त्या तीन दिवसांचे पण रोजचे मिनिमम ३०० किलोमीटर धरून २६ रुपयांनी २३,४०० लावलेत. वर ड्रायव्हर भत्ता रोजचा ५०० म्हणून १,५००. म्हणजे उभ्या गाडीचे २४,९०० रुपये! फोन केला तर म्हणतो, "वहिनी, मिनिमम सगळीकडंच असतंय, गाडी तुमच्याकडंच होती की."

आमच्याकडं होती, पण ती वापरता का आली नाही ते बोल ना. फेब्रुवारीत बुकिंगला गेलो तेव्हा याच्या ऑफिसात भिंतभर फ्लेक्स, निळाशार पँगाँग तलाव आणि काठावर याची पांढरी ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबस. मी तीनदा विचारलं, पँगाँगला हीच गाडी जाणार ना? तीनदा हो म्हणाला. "वहिनी, सांगलीत बसायचं ते सांगलीतच उतरायचं, मधी गाडी बदलायची नाही." हे त्याचे शब्द, माझ्या नवऱ्यासमोर बोललेले.

लेहला पोचलो त्याच रात्री हॉटेलवाल्यानं सांगितलं की बाहेरच्या राज्यातली पिवळ्या पाटीची गाडी इथवर माणसं आणून सोडू शकते, पण नुब्रा-पँगाँग फिरायचं तर इथलीच टॅक्सी करायची. त्या लोकांवर माझा राग नाही, त्यांचा सगळा सीझन उन्हाळ्याच्या चार महिन्यांचा, पोट त्यावरच आहे. राग या सांगलीतल्या माणसावर आहे, ज्याच्या गाड्या दरवर्षी लेहला जातात आणि ज्याला हे पुरतं ठाऊक होतं. आधी सांगितलं असतं तर आम्ही रेल्वेनं चंदिगड गाठलं असतं आणि गाडी पुढं केली असती, आणि मग याचे दोन हजार किलोमीटर जायचे आणि दोन हजार यायचे बुडाले असते. म्हणून गप्प बसला.

तिथनं याला फोन लावायचा तर आमची सगळ्यांची प्रीपेड कार्डं लडाखमध्ये बंद, चौदा माणसांत एकट्या ह्यांचं पोस्टपेड, त्यावरनं चार वेळा लावला, उचलला नाही. प्रीपेड चालत नाही हे पण यानं सांगितलं नव्हतं.

शेवटी दोन इनोव्हा केल्या. एकीत सहा, म्हणजे बारा. आम्ही चौदा. दोन गाड्यांचेच ५० हजारांच्या आसपास गेले, तिसरीचे आणायचे कुठनं? तर सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही पोरांना घेऊन जावा गं, मला काय, डोंगर इथनं पण दिसत्यात." त्यांच्याजवळ हे थांबले. अहो, ही ट्रिपच त्यांच्यासाठी होती! सासरे गेल्यापासनं दोन वर्षं त्या कुठं बाहेर पडल्या नव्हत्या, विमानाची भीती वाटते म्हणून गाडी ठरवली, भिशीचे पैसे त्यांनी यात घातले, आणि खारदुंगला खिंड, पँगाँग सगळं बघून आम्ही आलो आणि त्या तीन दिवस खिडकीतनं ती एमएच १० ची गाडी बघत बसल्या. मी पँगाँगच्या काठावर उभी होते आणि मला रडू येत होतं, फोटोत पण दिसतंय.

आणि आता त्याच तीन दिवसांचं बिल.

निघाल्यापासनंच सुरू होतं तसं. राजस्थानात ऊन मी म्हणत होतं आणि चढ लागला की एसी बंद, कारण मालकानं सांगितलंय गाडी ओढत नाही. मागच्या सीटवर माझी जाऊ उलट्या करून अर्धी झाली. कार्यक्रम त्यानंच आखलेला, मनालीत रोहतांग खिंडीचा दिवस टाकला मंगळवारी, आणि मंगळवारी रोहतांग दुरुस्तीसाठी बंद असतो! मग अटल बोगद्यातनं सिस्सूला जाऊन आलो, ९.०२ किलोमीटरचा तो बोगदा पुढं लेहला जाताना लागणारच होता.

आणि बायकांच्या संडासाचा विषय कुणी काढतच नाही. लेहच्या वाटेवरचं जिस्पा गाव सोडलं की दगडामागं जायचं, एकीनं ओढणी धरायची, दुसरीनं बसायचं, बारालाचा खिंडीच्या वाऱ्यात, १६,००० फुटांवर, गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना दोघींनी धरून. पुरुष गाडीतनं उतरून म्हणतात, काय नजारा आहे.

ड्रायव्हरला मात्र मी एक शब्द बोलणार नाही. तासगावकडचा पोरगा, या रस्त्याला पहिल्यांदाच आलेला. तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असा बोर्ड आहे, तिथं टाकी भरून कॅनमध्ये पण डिझेल घेतलं, गाटा लूप्सची २१ वळणं एकदाही घाई न करता चढला, १७,४८० फुटांच्या तांगलांगला खिंडीत डोकं धरून बसला आणि पाणी पिऊन परत स्टेअरिंगवर आला. त्याला विचारलं, भत्ता किती मिळतो? ३००. आमच्याकडनं ५०० घेतो आणि त्याला ३०० देतो हा मालक!

हे म्हणतात जाऊ दे, गाव लहान आहे, तोंडावर तोंड पडतंय. ह्यांचं कायमच जाऊ दे. मी नाही जाऊ देणार. सोमवारी जाऊन बाकीचे सगळे पैसे चेकनं देणार, चाललेल्या प्रत्येक किलोमीटरचे देणार, आणि हे २४,९०० देणार नाही. त्यानं आधी भिंतीवरनं तो फ्लेक्स उतरवावा, मग माझ्याशी मिनिममचं बोलावं.