१९१५ ला फोन लावला म्हणजे केस झाली नाही

काल सांगलीहून मावशीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, “म्हणून मी थांबले होते.” ऑनलाइन घेतलेलं तिचं वॉटर प्युरिफायर चौथ्या महिन्यात बंद पडलं, त्याला दीड वर्ष झालं! फॉरवर्डचं म्हणणं असं: २०१९ च्या ग्राहक कायद्यानंतर सामान्य माणसाला कंपनीवर थेट केस करता येत नाही, तो अधिकार सरकारी प्राधिकरणाकडे गेला. आपण १९१५ ला तक्रार नोंदवायची, मिळालेला नंबर हाच केस नंबर, मुदतही तिथेच थांबते. आणि केस झालीच तर कंपनीच्या गावी, वकिलामार्फतच.

आधी त्या नंबरचं बघू, कारण माणसं बुडतात ती इथे. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती तुमचं गाऱ्हाणं कंपनीला कळवते, जमलं तर तडजोड घडवते. हुकूम सोडायचा अधिकार तिला नाही. मावशीच्या वहीत असे चार नंबर आहेत, प्रत्येकापुढे तारीख आणि ‘निकाली’. निकाली कशी? “तंत्रज्ञ पाठवला होता” असं कंपनीने कळवलं, झालं. तंत्रज्ञाने काय केलं ते कुणी विचारलंच नाही.

आता कायद्याचं कलम ६९ वाचा. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे, म्हणजे अशा तक्रारींवर निकाल देणाऱ्या न्यायमंचाकडे, तक्रार दाखल व्हायला हवी. हेल्पलाइनचे फोन, ईमेल, अगदी वकिलाची नोटीस दिली तरी ही मुदत वाढत नाही. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, हे खरं. पण “व्हॉट्सॲपवर वाचलं होतं” हे कारण तिथे सांगून बघा!

प्राधिकरणाबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० मध्ये आलं. फसवी जाहिरात, धोकादायक माल अशा सगळ्या ग्राहकांना बाधणाऱ्या गोष्टींत ते दंड करतं, माल बाजारातून परत घ्यायला लावतं. पण त्या दंडातला रुपयाही मावशीच्या हातात पडत नाही. तिचे पैसे तिने स्वतःच मागायचे, जिल्हा ग्राहक आयोगात, कलम ३५ खाली. त्यासाठी आधी प्राधिकरणाकडे जायची अट कुठेही नाही.

कंपनीच्या गावी? उलट आहे. तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात जायची सोय याच २०१९ च्या कायद्याने दिली, कलम ३४. १९८६ च्या कायद्यात ती नव्हती. म्हणजे नव्या कायद्याने जे दिलं, नेमकं तेच फॉरवर्डवाल्याने काढून घेतलं.

वकील सक्तीचा नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. निकाल ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत, असं कायदा म्हणतो खरा. त्यावर मात्र फार विसंबू नका.

मावशी, बिलाचा ईमेल आणि वहीच्या त्या पानाचा फोटो आज रात्रीच पाठव. आणि मशीन पहिल्यांदा कधी बंद पडलं ती तारीख नीट आठवून लिही, अंदाजे नको.