‘दार सताड उघडं ठेवलं की देवघराची धर्मशाळा होते’ : काकांना उत्तर

नमस्कार काका,

(तुमची सज्जनगडाची वारी माझ्या वयापेक्षा जुनी दिसते, म्हणून काकाच म्हणतो.) साताऱ्यात राजवाड्याजवळ दर गुरुवारी भरणाऱ्या, कुणालाही खुल्या असलेल्या आमच्या सत्संगाच्या बैठकीवर मी लिहिलं, त्यावरून तुम्ही चांगलं फैलावर घेतलंत. तुमचं म्हणणं असं: साताऱ्यात मठ, मंदिरं, भजनी मंडळं असताना हे नवं खूळ कशाला? गुरूशिवाय अध्यात्म म्हणजे नुसतं चहापान. आणि येईल त्याला आत घेतलं की देवघराची धर्मशाळा होते.

आधी गुरूचं. तुम्ही दासबोधाचा पाचवा दशक पुढे केलात. त्याच दशकाच्या दुसऱ्या समासात समर्थ बजावतात, की जे गुरू शिष्याला साधनाला लावत नाहीत, इंद्रियदमन करवत नाहीत, ते आडक्याला (म्हणजे कवडीमोलानं) तीन मिळाले तरी टाकावेत. ही कसोटी आम्हालाही खुशाल लावा. आम्ही कुणाला आपला गुरू सोडायला सांगत नाही. गोंदवलेकर महाराजांचं नाम घेणारे येतात, विपश्यना करून आलेले येतात, देव अजिबात न मानणारे एक निवृत्त मास्तरही येतात. दमन मात्र सगळ्यांना सारखं, आणि ते जिभेचं.

आपल्याकडे नवा माणूस दिसला की प्रश्न ठरलेले असतात. गाव कुठलं? आडनाव काय? पाहुणे कुठले? पाहुण्यांपर्यंत पोचलं की जात कळलेली असते. बाईमाणूस असेल तर आधी गळ्याकडे नजर जाते, मग ‘मालक काय करतात?’ आमच्याकडे हे सगळं बंद. नुसतं नाव सांगायचं, तेही सांगावंसं वाटलं तर. थोडा वेळ गप्प बसायचं, एखादा अभंग किंवा समास वाचायचा, मग ज्याला बोलायचंय त्यानं बोलायचं. मध्ये तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. ‘मी सांगतो तुम्ही काय करा ते’ हे वाक्य गिळताना सातारकराचा जीव किती कासावीस होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पावसाळ्यात एक बाई यायला लागल्या. चपलांपाशी, दाराला लागून बसायच्या, ओली छत्री हातातच. म्हणजे उठून जायची तयारी. कुणी ‘पुढे या ना’ म्हटलं नाही. आमच्यातल्या एक आजी आपलं बस्कर उचलून गुपचूप त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, इतकंच. पुढे कधीतरी त्या बाई बोलल्या. मुलगा गेला होता. ज्या भजनी मंडळात त्यांनी इतकी वर्षं पेटी वाजवली, तिथं त्यांचे डोळे भरून आले की कुणीतरी पटकन गजर सुरू करायचं. मंडळ वाईट नव्हतं, माणसंही प्रेमाचीच. पण तिथं रडायची सोय नव्हती. तुमच्या ‘कशाला’चं माझ्याकडे याहून वेगळं उत्तर नाही.

मनाने आजारी असलेल्यांना सत्संगात न आणता डॉक्टरकडे पाठवा, असंही तुम्ही म्हणता. डॉक्टरकडे जावंच, आणि इथंही यावं. ‘गोळ्या बंद करा, नाम घ्या’ असं कुणी म्हणालं तर मात्र मी मध्ये तोडतो. तेवढी एक सवलत मी स्वतःला घेतली आहे.

वारकरी संप्रदायानं सगळ्यांना केव्हाच सामावून घेतलं, हे तुमचं वाक्य मला अर्धंच पटलं. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी आपल्याच जिल्ह्यातून जाते. ओळखदेख नसताना माणसं एकमेकांच्या पाया पडतात, ते मी लहानपणापासून बघतोय, त्याला तोड नाही. पण चोखोबांचे अभंग शतकानुशतकं गाऊनही पंढरीचं देऊळ अस्पृश्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं, हेही खरं ना? भाव होता, पण दारावरची वहिवाट कुणी बदलली नव्हती. वहिवाट कशी बदलते ते आपल्या साताऱ्यातच १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढून दाखवलं. पोरांना समतेची व्याख्यानं देत बसण्यापेक्षा त्यांनी सगळ्या जातींच्या पोरांना एका चुलीवर स्वयंपाकाला लावलं आणि एका पंगतीला बसवलं. भाकरी करपली तर सगळ्यांचीच करपणार!

राहिली धर्मशाळा. काका, धर्मशाळेतसुद्धा नियमांची पाटी असतेच की. आमची तर बरीच कडक आहे. वर्गणी नाही, दानपेटी नाही, फोटो नाही, राजकारण नाही, इथलं बोलणं बाहेर नाही आणि कसलीही विक्री नाही. मध्यंतरी एक गृहस्थ चहाच्या वेळी कुठल्याशा पतसंस्थेच्या ठेवींची पत्रकं वाटायला लागले. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही या, पत्रकं घरी ठेवा. तेव्हापासून ते फिरकले नाहीत. त्यांच्या मिसेस मात्र दर गुरुवारी येतात.