नव्या पॅनचा नको, दोन वर्षं वापरलेल्याचा फोटो दाखवा

कुणी नवं पॅन घेतलं की फोटो येतो. आरशासारखा तळ, दांड्यावरचं लेबल अजून तसंच, खाली अभिनंदनांची रांग. मीही हार्ट देऊन मोकळी होते. पण मनात येतं, हेच पॅन दोन वर्षांनी कसं दिसतंय ते कुणी दाखवत नाही. शिकण्यासारखं जे काही असतं ते त्या फोटोत असतं.

माझं मत सांगून टाकते. आपण भांडं बदलतो ते बहुतेकदा आचेच्या तक्रारीवरून. चिकटतं, करपतं, मधे काळं आणि कडेला कच्चं राहतं. मग नवं भांडं येतं, पण गॅसचं बटण फिरवणारा हात तोच असतो. चार महिने बरे जातात आणि तक्रार परत सुरू.

नॉनस्टिकचंच बघा. १९३८ साली ड्यूपॉन्ट कंपनीत रॉय प्लंकेट हा रसायनतज्ज्ञ फ्रिजमधे वापरायच्या वायूंवर काम करत होता. त्याला सिलिंडरच्या आत एक पांढरी, निसरडी भुकटी सापडली. तेच टेफ्लॉन. पुढे फ्रान्समधे मार्क ग्रेग्वार यांनी बायकोच्या सांगण्यावरून त्याचा थर पॅनवर चढवला आणि १९५६ मधे तेफाल कंपनी उभी राहिली. इतकी वर्षं झाली, तरी विकताना सांगतात ते एवढंच की काही चिकटत नाही. हा थर साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे बिघडायला लागतो, हे कुणी सांगत नाही. रिकामं पॅन मोठ्या आचेवर ठेवून आपण कांदा चिरायला घेतो, तेवढ्या वेळात ते सहज तिथवर पोचतं. आणखी तापलं तर त्याच्या वाफांनी पिंजऱ्यातला पक्षी मरू शकतो. पक्षी पाळणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, स्वयंपाक करणाऱ्यांना बऱ्याचदा नसतं. पॅन खराब झालं की घरात पहिला आरोप स्टीलच्या चमच्यावर. चमचा दोषी असतोही, पण आच नेहमी सुटते.

त्यात ते ‘पीएफओए-मुक्त’ लेबल. पीएफओए हे थर बनवताना कारखान्यात वापरलं जाणारं रसायन. ते वाईटच होतं आणि अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत ते बंद केलं. पण त्या लेबलचा अर्थ ‘कितीही तापवा’ असा होत नाही. ‘सिरॅमिक’ पॅनही मातीचं नसतं. बहुतेकदा ॲल्युमिनियमवर सिलिकाचा पातळ थर असतो. उष्णता तो जास्त सोसतो, पण त्याचा निसरडेपणा सहसा टेफ्लॉनच्याही आधी संपतो.

नॉनस्टिकला कंटाळलेले लोक स्टेनलेस स्टीलकडे वळतात आणि पहिल्याच दिवशी अंडं तळाला घट्ट बसतं. इथे तर मला विक्रेत्यांचा रागच येतो. ‘१८/१०’ हा आकडा मोठ्या अक्षरात छापतात. तो म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल. गंज न धरणं आणि चकाकी यासाठी. स्वयंपाक कसा होईल, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. स्टील उष्णता अतिशय हळू वाहतं. ॲल्युमिनियम त्याच्या साधारण १५ पट वेगाने वाहतं, तांबं २५ पट. म्हणून विचारायचं ते एवढंच, की स्टीलच्या दोन पत्र्यांमधे काय आहे आणि ते कुठपर्यंत आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा कडेपर्यंत गेलेला असेल तर उत्तम. तळाला नुसती चकती बसवलेली असेल तर ज्वाला त्या चकतीबाहेर जाऊ द्यायची नाही, नाहीतर कडेने गोल करपट कडं उमटतं. ते कडं दिसलं की लोक म्हणतात भांडं हलकं निघालं. भांडं ठीक असतं, बर्नर मोठा असतो.

आणि चिकटण्याचं? पॅन आधी रिकामं तापवा (हे स्टीलला चालतं, नॉनस्टिकला नाही, हा फरक लिहून फ्रिजवर लावा), मग पाण्याचा एक थेंब टाका. थेंब पसरून चर्र झाला तर थांबा. मोत्यासारखा गोळा होऊन पळायला लागला तर तळ २०० अंशांच्या आसपास आलाय. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ मधेच याचं वर्णन करून ठेवलंय. थेंब पळाला की आच कमी करायची, तेल घालायचं आणि मगच मासा. मासा ठेवल्यावर त्याला उचकटायचं नाही. खालून नीट तांबूस झाला की तो बहुतेकदा आपला आपण सुटतो. अंड्याला मात्र एवढी तापलेली भांडी झेपत नाहीत. त्याच्यासाठी तापमान उतरू द्यायचं आणि तेल-लोण्यात हात आखडायचा नाही.

बिडाच्या भांड्यांचा तर आता पंथच झालाय. मलाही ती आवडतात, म्हणून जरा स्पष्ट बोलते. बीड उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं हे खरं नाही. ते उष्णता धरून ठेवतं, पसरवतं मात्र हळू. म्हणून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं निवांत तापू द्यावं लागतं. घाई केली की बर्नरच्या वर तेवढा गोल करपतो. सीझनिंग म्हणजे तेलाचा अगदी पातळ थर तापून घट्ट होणं. जाड थर दिला की तो चिकट राहतो. तेल लावून, मग जणू चुकून लावलं अशा थाटात सगळं पुसून टाकायचं, तरच नीट बसतं. साबण चालतो. पूर्वीचे कास्टिक साबण हा थर खायचे, आताचे भांडी घासायचे साबण तेवढे जहाल नसतात. टोमॅटो मात्र त्यात तासभर उकळू नका.

सुऱ्यांबद्दल थोडक्यात: सेट घेऊ नका. एक चांगली सुरी आणि धार लावायचा दगड घ्या. काचेचा चॉपिंग बोर्ड असेल तर तो फोटो फ्रेम म्हणून वापरा.

विजेवरच्या वस्तूंमधे एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेला छोटा ओव्हन. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी मिटतात. टोपली गच्च भरली की गरम हवेला जागा राहत नाही आणि पदार्थ आपल्याच वाफेत शिजून मऊ पडतो. इन्स्टंट पॉट हा विजेवरचा प्रेशर कुकर २०१० मधे आला, तुफान खपला आणि २०२३ मधे तो विकणाऱ्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज होतंच, पण एक कारण असंही सांगितलं गेलं की ज्याच्याकडे एक आहे त्याला दुसरा लागतच नाही. एखादी वस्तू टिकाऊ निघते आणि ते धंद्याला परवडत नाही, याची मला गंमत वाटते. दोन वर्षांनी फोटो काढण्यासारखी वस्तू तीच.

मग घ्यावं काय? कंटाळवाण्या वस्तू. वजनकाटा आणि टोचून बघायचा थर्मामीटर. अंदाज बरोबर होता की चुकला हे या दोघांमुळे कळतं, आणि हात सुधारतो तो त्यानेच. बारीक किसणीही घ्या. तिचा किस्सा मजेशीर आहे. १९९४ मधे कॅनडातल्या लॉरेन ली यांनी नवऱ्याच्या हत्यारांच्या दुकानातली लाकूड घासायची कानस संत्र्याची साल किसायला घेतली, आणि मायक्रोप्लेन नावाची ती कानस सुतारकामातून किसणी होऊन स्वयंपाकघरात आली.

सोलाण्याचा जाड रबरी दांडाही असाच घरातून आला. स्वयंपाकघरातली हत्यारं बनवणाऱ्या ऑक्सो कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांच्या हाताला संधिवात होता. बारीक धातूचं सोलाणं त्यांना धरवेना, म्हणून १९९० मधे ऑक्सोची जाड मुठीची हत्यारं निघाली. दुखऱ्या हातासाठी केलेली मूठ धडधाकट हातांनाही आवडली.

बिडाची भक्ती करणारे नेमकं हेच विसरतात. त्यांचं मोठं पॅन भरल्यावर एका हाताने उचलून बघा. मनगट दुखणारी, बोटं आखडलेली कितीतरी माणसं रोज स्वयंपाक करतात आणि त्यांना वर ‘नॉनस्टिक वापरता?’ असं ऐकावं लागतं. त्यांनी खुशाल हलकं नॉनस्टिक घ्यावं, मध्यम आचेवर लाकडी उलथन्याने वापरावं, आणि थर निघायला लागला की टाकून दुसरं आणावं. तोही फोटो टाका. त्याला मी हार्ट देईन, आणि तेव्हा मनात काही येणार नाही.